देखणं कणीस आणि काट्याचा कौल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा आणि इलिनॉय या राज्यांत हिवाळा आला की गावोगावी मक्याची प्रदर्शनं भरत. सभागृहात लांबच लांब टेबलं आणि त्यांवर प्रत्येक शेतकऱ्याची दहा-दहा कणसं एका ओळीत मांडलेली. परीक्षक एकेक कणीस उचलायचा, पट्टीनं लांबी आणि फितीनं घेर मोजायचा, मधले दोन-तीन दाणे उचकटून त्यांची ठेवण बघायचा आणि हातातल्या पत्रिकेवर शंभरपैकी गुण मांडायचा. आदर्श कणीस कसं असावं हे ठरलेलं होतं: साधारण दहा इंच लांब, सात-साडेसात इंच घेराचं, बुडापासून शेंड्यापर्यंत जाडी सारखी, दाण्यांच्या ओळी आखल्यासारख्या सरळ, शेंडा दाण्यांनी पुरता झाकलेला. बक्षीस मिळालेल्या कणसांना मोठा भाव येई आणि त्यांचं बी न्यायला लोक लांबून येत.

त्या गुणपत्रिकेत आकार, रंग, सारखेपणा या सगळ्याला रकाने होते. एकरी किती पिकलं, याला रकाना नव्हता.

आज संकरित मक्याचं बियाणं निवडताना शेतकरी जे प्रश्न विचारतो (किती दिवसांत येतं, एकरी किती उतरतं, वाऱ्यात पडतं का, मुरघासाला चालतं का), ते विचारायची रीत या प्रदर्शनांच्या पराभवातून रुजली. ती रुजायला तीस-चाळीस वर्षं लागली. डोळ्यांना जे आवडतं ते काट्यावर टिकतं का, ही तपासणी म्हणजेच मक्याच्या बियाण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात ‘टिओसिंटे’ नावाच्या रानगवतापासून माणसानं तो घडवला. टिओसिंटेच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही कवचात बंद. तिथपासून आजच्या कणसापर्यंतचा प्रवास बी राखून ठेवणाऱ्या हातांनी केला. उत्तर अमेरिकेत मिसुरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीच्या बायका मक्याची वेगवेगळी वाणं एकमेकांपासून अंतर राखून लावत, कारण शेजारी लावली की दाणे मिसळतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. परागकण वाऱ्यानं उडतात आणि मका सहजासहजी आपल्याच परागानं फळत नाही, हे शास्त्र पुस्तकात येण्याआधी त्यांच्या शेतात होतं.

गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या हाती जो मका आला, त्यात एक मोठी गोष्ट अपघातानं घडली. रॉबर्ट रीड नावाचा शेतकरी १८४६ साली ओहायोतून इलिनॉयमधल्या टेझवेल परगण्यात राहायला आला. येताना त्यानं आपल्या भागातलं बी बरोबर आणलं होतं. पेरणीला उशीर झाला, दाणा पुरता पक्व झाला नाही आणि पुढच्या वर्षी तेच बी पेरल्यावर उगवण विरळ झाली. मग रिकाम्या जागी त्यानं तिथलाच एक लवकर येणारा, लहान कणसाचा, टणक दाण्याचा पिवळा मका टोकला. दोन अगदी वेगळ्या कुळांची फुलं एका शेतात एकमेकांत मिसळली. रॉबर्टचा मुलगा जेम्स यानं पुढं कित्येक वर्षं त्यातून निवड केली आणि ‘रीड्स यलो डेंट’ हे वाण उभं राहिलं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि मग साऱ्या मक्याच्या पट्ट्यात रीडचं बी पसरलं. शेतातली तूट भरून काढायला टोकलेल्या दाण्यांनी अमेरिकेच्या मक्याचा पाया घातला!

पण बक्षिसाबरोबर प्रदर्शनाची हौसही आली. आयोवाच्या शेतकी कॉलेजात पी. जी. होल्डन नावाचे प्राध्यापक होते. मक्यासाठी तळमळीनं काम करणारा माणूस. १९०४ पासून त्यांनी खास आगगाड्या सोडल्या. गाडी स्टेशनात थांबायची, शेतकरी डब्यात चढायचे आणि होल्डन त्यांना बी कसं निवडावं, उगवणक्षमता कशी तपासावी हे समजावून सांगायचे. पेरणीआधी प्रत्येक कणसातले काही दाणे उगवून बघायचे, ही त्यांची शिकवण सोन्यासारखी होती आणि तिनं हजारो एकरांतली उगवण सुधारली. देखणं कणीस जास्त पिकतं हा त्यांचा दुसरा विश्वास मात्र कोणी तपासला नव्हता.

तो तपासला एका शाळकरी मुलानं. हेन्री वॉलेस तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आजोबा शेतीच्या साप्ताहिकाचे संपादक, वडील शेतकी कॉलेजात शिकवून आलेले. हेन्री लहान असताना कॉलेजात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तो या पोराला रानात फिरायला नेई आणि झाडं ओळखायला शिकवी. मराठी वाचकांना ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे घरचा वाटणारा तोच हा कार्व्हर. त्या संगतीनं हेन्रीला झाडाजवळ बसून बघायची सवय लागली होती. होल्डन यांनी त्याला कणसं दिली, आणि १९०४ च्या उन्हाळ्यात हेन्रीनं घरामागच्या जमिनीत प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले. शरद ऋतूत त्यानं ओळीवार कणसं खुडली आणि ओळीवार तोलली. ज्या कणसाला प्राध्यापकांनी सर्वांत सुंदर ठरवलं होतं, त्याची ओळ उताऱ्यात तळाशी गेली. दिसायला बेताच्या कणसांच्या काही ओळी वर आल्या. ज्या डुकराला मका खायचाय त्याला कणसाच्या रूपाचं काय, असा वॉलेसचा रोखठोक सवाल पुढं आयोवाभर गाजला.

हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागली नाही. ओळींना खुणा, एक काटा आणि एक वही एवढ्यावर तो झाला. म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

इलिनॉयमध्येही हेच दिसून आलं. वुडफर्ड परगण्यातल्या शेतकरी संघानं १९१९ पासून तीन वर्षं वेगवेगळ्या शेतकऱ्यांचं बी शेजारी-शेजारी लावून तोललं. पहिला आला जॉर्ज क्रुग नावाच्या साध्या शेतकऱ्याचा मका. क्रुगनं कधी प्रदर्शनासाठी बी राखलं नव्हतं. त्याची कणसं गुळगुळीत, मध्यम, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी, पण वजनदार. उलट खोल, खरबरीत दाण्याच्या भरघोस कणसांमागं लागलेल्यांचं पीक उशिरा पक्व होऊ लागलं होतं आणि कुजीला बळी पडू लागलं होतं. आयोवात १९२० साली वॉलेसच्या आग्रहानं राज्यव्यापी उताऱ्याची जाहीर स्पर्धा सुरू झाली. तिथं निकाल काट्यावर लागायचा.

याच काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काही शास्त्रज्ञ मक्याला मुद्दाम अशक्त करत होते. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं जॉर्ज शल १९०५ पासून मक्याच्या झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकत होता. तुऱ्यावर कागदी पिशवी, कोवळ्या कणसावर पिशवी, आणि योग्य दिवशी एकीतली भुकटी दुसरीत. पिढीगणिक झाडं बुटकी झाली, कणसं बोटाएवढी झाली, पण एका वंशातली सगळी झाडं हुबेहूब सारखी दिसू लागली. शास्त्रज्ञ अशा वंशाला ‘इनब्रेड’ म्हणतात, आपण शुद्ध वंश म्हणू. मग शलनं दोन वेगळे शुद्ध वंश एकमेकांशी संकरित केले आणि त्या दोन मरतुकड्यांच्या पोटी आलेलं पीक मूळच्या धडधाकट मक्यालाही मागं टाकणारं निघालं. १९०८ आणि १९०९ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. संकरातून येणाऱ्या या जोमाला ‘हेटेरोसिस’ हे नाव त्यानंच १९१४ मध्ये दिलं. संकरामुळे जोम वाढतो हे डार्विननं १८७६ सालच्या ग्रंथात नोंदवलं होतं आणि मिशिगनच्या विल्यम बीलनं त्यानंतर मक्याच्या दोन वाणांचा संकर करूनही पाहिला होता. आधी शुद्ध वंश करायचे आणि मग जोड्या जुळवायच्या, ही किल्ली शलची. कनेटिकटमधला एडवर्ड ईस्टही त्याच वाटेवर होता.

अडचण व्यवहाराची होती. संकरित बी धरायचं ते त्या मरतुकड्या झाडावर. त्याला दाणे येणार मूठभर, म्हणजे बियाणं सोन्याच्या भावानं विकावं लागणार. ही अडचण सोडवली ईस्टच्या डोनाल्ड जोन्स या तरुण विद्यार्थ्यानं, १९१७-१८ च्या सुमारास. त्यानं चार शुद्ध वंश घेतले, त्यांच्या दोन जोड्या लावल्या, आणि त्या जोड्यांतून आलेल्या दोन दणकट संकरांचा पुन्हा एकमेकांशी संकर केला. आता विक्रीचं बी दणकट झाडावर धरू लागलं आणि भरपूर मिळू लागलं. या दुहेरी संकरानं संकरित मका शेतकऱ्याच्या खिशाच्या आवाक्यात आणला.

वॉलेसनं स्वतःचा एक साधा संकर बांधला होता, त्याचं नाव ‘कॉपर क्रॉस’. त्याला १९२४ साली आयोवाच्या उतारा स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. बी विकलं गेलं एका पौंडाला एक डॉलर या भावानं, आणि तेही थोडंसंच. १९२६ साली त्यानं केवळ संकरित मक्याच्या बियाण्यासाठी कंपनी काढली, तीच पुढची पायोनियर. तिकडं इलिनॉयमध्ये लेस्टर फिस्टर नावाचा शेतकरी क्रुगच्या मक्याच्या शेकडो कणसांपासून शुद्ध वंश करत बसला होता. कणसांना पिशव्या बांधत फिरणाऱ्या या माणसाला शेजारी वेड्यात काढत. कर्ज डोक्यावर आलं तरी त्यानं काम सोडलं नाही, आणि अखेर त्याच्या संकरांनी नाव काढलं.

तरीही शेतकरी लगेच वळला नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यानं स्वतःचं बी राखलं होतं. शरदात शेतातून चांगली कणसं निवडायची, साली मागं ओढून माळ्यावर टांगायची, वसंतात सोलायची. घरचं बी म्हणजे घरचा मान होता. संकरित बियाण्यानं ही रीत मोडली, कारण संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले की झाडं उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी विखुरतात आणि जोम उतरतो. दरवर्षी बी विकत घ्यायचं ही कल्पनाच अंगावर येणारी होती. आयोवातल्या कून रॅपिड्स गावच्या रॉसवेल गार्स्ट या बियाणे विक्रेत्यानं यावर तोड काढली. तो शेतकऱ्यांना पेरून बघायला बी द्यायचा आणि घरच्या मक्यापेक्षा जेवढं जास्त पिकेल त्याच्या निम्मं मोल म्हणून मागायचा. ज्यांनी एकदा शेजारी-शेजारी तोललं, ते पुढच्या वर्षी रोख पैसे घेऊन आले.

उरलेलं काम दुष्काळानं केलं. १९३४ आणि १९३६ साली मक्याचा पट्टा करपून गेला, तेव्हा घरच्या बियाण्याच्या शेतांशेजारी संकरित मका उभा राहिलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत संकरित मक्याचं क्षेत्र एक टक्काही नव्हतं. १९४३ पर्यंत आयोवात जवळजवळ सगळा मका संकरित झाला. त्या वर्षी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी आयोवातल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोघे सोडून सगळ्यांनी संकरित बी स्वीकारलं होतं. बहुतेकांना त्याची पहिली खबर विक्रेत्यानं दिली होती, पण खात्री पटली ती शेजाऱ्याच्या शेतामुळे. आणि पुढं राहणाऱ्यांनीही पहिल्या वर्षी सगळं रान त्याखाली घातलं नाही, एक तुकडा लावून पाहिला. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात या विषयाच्या साऱ्या अभ्यासाचा आज हाच पाया मानतात.

उताऱ्याचे आकडे मराठी शेतकऱ्याच्या मापात सांगायचे तर असे. १८६६ पासून १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेचा मक्याचा सरासरी उतारा एकरी साडेसहा क्विंटलांच्या आसपास घुटमळत राहिला. आज तो ४५ क्विंटलांच्या घरात आहे. हे सगळं श्रेय संकराला देणं मात्र चुकीचं ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त झालेली नत्रखतं, तणनाशकं, यंत्रं यांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. डोनाल्ड डुव्हिक या मका पैदासकारानं वेगवेगळ्या दशकांतले संकर एकाच शेतात लावून पाहिले, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. विरळ लावले तर जुन्या आणि नव्या संकरांच्या एकेका झाडाचा उतारा फार वेगळा नसतो. फरक पडतो तो दाटीत. १९३० च्या दशकात हेक्टरी ३० हजारांच्या आसपास झाडं असत, आता ७५-८० हजार असतात, आणि नवं वाण त्या गर्दीतही प्रत्येक झाडाला एक भरलेलं कणीस धरतं, कोलमडत नाही. एका कणसाच्या थोरवीचा काळ तिथं संपला. प्रदर्शनातलं दहा इंची कणीस विरळ शेतातलं होतं.

बियाणं तयार करण्याचं काम मात्र हातानंच चालत राहिलं. मादी म्हणून धरलेल्या ओळींचे तुरे पराग सुटण्याआधी खुडावे लागतात, एकही राहून चालत नाही. जुलै महिन्यात पहाटे दवानं ओली पानं अंगाला घासत, दुपारी उन्हात होरपळत, शाळकरी मुलं आणि बायका ओळीमागून ओळी तुरे उपटत चालत. मक्याच्या पानांच्या कडा कातडीवर बारीक चिरे पाडतात, म्हणून उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे सदरे घालायचे. मक्याच्या पट्ट्यातल्या कित्येक पिढ्यांची पहिली कमाई या तुऱ्यांची आहे.

ही मजुरी वाचवायचा मार्ग सापडला आणि तोच अंगाशी आला. १९४० च्या दशकात टेक्सासमध्ये असा मका मिळाला, ज्याच्या तुऱ्यात पराग तयारच होत नाही. हा नरवंध्य गुण मादीकडून उतरतो. तो मादी वंशात आणला की तुरे खुडायलाच नकोत. बियाणे कंपन्यांनी तो सर्रास वापरला आणि १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात तोच एक गुण शिरला. वरून शेकडो वाणं, शेकडो नावं, रंगीबेरंगी पिशव्या, आणि आत सगळ्यांची मादीची बाजू एकच. या गुणाच्या मक्यावर करपा जास्त येतो अशी नोंद फिलिपीन्समध्ये १९६१ सालीच झाली होती, तिच्याकडे दुर्लक्ष झालं. १९७० साली करप्याची नवी जात दक्षिणेतून उठली आणि वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकत गेली. देशाचं जवळपास १५ टक्के पीक बुडालं, नुकसान अब्ज डॉलरच्या घरात गेलं. पुढच्या हंगामांत पोरं पुन्हा तुरे खुडायला शेतात उतरली.

आता मुरघासाची बाजू. हिरवा मका कापून, कुट्टी करून, हवा काढून दाबून ठेवला की त्यात आम्ल तयार होतं आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो, हे युरोपात एकोणिसाव्या शतकात पक्कं झालं. फ्रान्सच्या सोलोन्य भागातल्या ऑग्यूस्त गोफार यानं कित्येक वर्षांच्या प्रयोगांनंतर १८७७ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत आलं. विस्कॉन्सिनच्या फ्रँकलिन किंग यांनी गोल मनोऱ्याची शिफारस केली, कारण चौकोनी कोठीच्या कोपऱ्यात हवा अडकून चारा नासतो. बर्फाळ हिवाळ्यातही गायी दूध देत राहिल्या, आणि मनोरे हीच विस्कॉन्सिनची ओळख झाली.

इथं पुन्हा डोळ्यांनी फसवलं. दाण्याच्या बाबतीत जे देखणं कणीस होतं, ते चाऱ्याच्या बाबतीत उंच झाड झालं. शेतकरी उशिरा येणारं, पानाळ, माणसाच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट वाढणारं वाण निवडायचा, गाड्यांवर गाड्या भरायचा आणि खूष व्हायचा. पण गाडीत चारा किती आणि पाणी किती? झाड कोवळं कापलं तर मुरघासातून पाणी झिरपतं, आणि त्याबरोबर पोषणही वाहून जातं. शिवाय मुरघासातली ताकद मोठ्या प्रमाणात दाण्यातल्या पिष्टात असते. चांगल्या भरलेल्या पिकात सुक्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग कणसाचा असतो. म्हणून बराच काळ सल्ला दिला गेला की दाण्याला उत्तम ते मुरघासालाही उत्तम. तोही अर्धाच खरा निघाला. ताट आणि पान जनावराच्या पोटात किती विरघळतं हा प्रश्न उरतोच. १९२४ साली मिनेसोटात एका मक्याच्या पानाची मधली शीर तपकिरी दिसली. त्या मक्यात ताट कडक करणारा लिग्निन हा घटक कमी होता, त्यामुळे त्याचा चारा गायीला जास्त पचतो. बदल्यात उतारा घटतो आणि ताट लवकर वाकतं. विस्कॉन्सिन विद्यापीठानं पुढं टनाबरोबर दूध मोजायला सुरुवात केली: अमुक वाणाच्या एका टनापासून किती दूध मिळेल आणि एका एकरापासून किती, याचा अंदाज चाचण्यांच्या निकालांत छापला जाऊ लागला. काटा शेतातून गोठ्यात आला.

मक्याच्या बियाण्याची सर्वांत महागडी चुकीची निवड सोव्हिएत रशियात झाली. लायसेन्को या सरकारी मर्जीतल्या शेतीतज्ज्ञाच्या अमलाखाली तिथं आनुवंशशास्त्राचीच गळचेपी झाली होती, वाव्हिलॉव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला होता. अशात सोव्हिएत नेता क्रुश्चेव्ह यानं आयोवाच्या मक्याकडे पाहिलं आणि रॉसवेल गार्स्टशी त्याची गट्टी जमली. २३ सप्टेंबर १९५९ रोजी तो गार्स्टच्या शेतावर आला. पत्रकारांची एवढी झुंबड उडाली की चिडलेल्या गार्स्टनं मूठ-मूठ मुरघास त्यांच्या अंगावर फेकला. त्याआधीच रशियात मक्याची लाट आली होती. १९६२ पर्यंत क्षेत्र सुमारे ३ कोटी ७० लाख हेक्टरांवर नेलं गेलं, त्यातलं बरंचसं अशा थंड भागात, जिथं दाणा भरायला लागणारे उबेचे दिवसच मिळत नाहीत. तिथं पाणचट चारा हाती आला. मक्याच्या वाणाला पक्वतेचे दिवस असतात आणि ते त्या गावच्या हवामानाशी जुळावे लागतात. हुकमानं पेरलेल्या मक्याला हे दिवस कोणी दिले नाहीत.

भारतात संकरित मका आला तो आयोवाहून मेक्सिकोमार्गे. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी निवडून आलेला वॉलेस १९४० च्या अखेरीस मोटारीनं मेक्सिकोत गेला आणि तिथल्या शेतकऱ्याची मक्याची दैना पाहून अस्वस्थ होऊन परतला. त्यानं रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे विषय काढला आणि १९४३ साली मेक्सिकोत संशोधनाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढं गव्हाच्या हरितक्रांतीसाठी गाजलेले नॉर्मन बोरलॉग त्यातच १९४४ साली रुजू झाले. त्याच प्रतिष्ठानाच्या मदतीनं भारतात १९५७ साली अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प उभा राहिला. पिकासाठी देशभर एकत्र चाचण्या घेण्याची ही आपल्याकडची पहिली व्यवस्था. १९६१ साली पहिले चार संकर बाहेर पडले: गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन.

पण दरवर्षी नवं बी पुरवायची यंत्रणा तेव्हा कोवळी होती. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झालं, बियाणे कायदा १९६६ मध्ये आला. त्यामुळे १९६७ साली विजय, किसान, जवाहर, विक्रम, अंबर, सोना अशी संमिश्र वाणं दिली गेली, ज्यांचं बी शेतकऱ्याला काही वर्षं घरी राखता येतं. हा निर्णय शहाणपणाचा होता. मराठवाड्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ काढली आणि जालना देशाच्या बियाणे धंद्याचं मोठं केंद्र झालं. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पंजाब कृषी विद्यापीठाच्या ‘पारस’नं १९९५ मध्ये दोनच शुद्ध वंशांच्या एकेरी संकराचं युग इथं आणलं, आणि कोंबडीखाद्याच्या मागणीनं मक्याला बाजार दिला.

महाराष्ट्रातला दूधवाला शेतकरी आज त्याच वळणावर उभा आहे, जिथं विस्कॉन्सिनचा शेतकरी पूर्वी होता. ‘आफ्रिकन टॉल’ची उंची बघून डोळे निवतात. हिरव्या वैरणीसाठी ते वाण खरोखर चांगलं आहे. मुरघासाला मात्र उंचीबरोबर कणीस पाहावं लागतं. बांधावर जाऊन एक कणीस मधोमध मोडायचं आणि दाणा बघायचा. वरून कडक होत आलेला भाग आणि खालचा दुधाळ चीक यांच्यातली रेघ दाण्याच्या मध्यावर आली की कापणीची वेळ झाली. मग मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडायची. पाणी ठिबकलं तर पीक अजून ओलं आहे, गोळा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर, लगेच भुगा झाला तर उशीर झाला.

आणि मक्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक मराठी शेतकऱ्याला एक आग्रहाची विनंती. विक्रेत्याची पिशवी आणि शेजाऱ्याची शिफारस दोन्ही ऐका, पण यंदाच्या खरिपात सगळं रान एका वाणाखाली घालू नका. एकाच दिवशी, एकाच खतावर, दोन-तीन वाणांच्या चार-चार ओळी शेजारी लावा आणि खुंट ठोकून नावं लिहा. दाण्याचा मका असेल तर कणसं ओळीवार तोला. मुरघासाचा असेल तर प्रत्येक वाणाची एक किलो कुट्टी घ्या, उन्हात कडक वाळवा आणि पुन्हा तोला. किलोमागं तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम उरले तर कापणी वेळेवर झाली, दोनशेच उरले तर गाडीतून तुम्ही पाणी वाहिलंत. हे आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या पेरणीआधी ती वही शेजाऱ्यालाही दाखवा.